पाण्याच्या पिशवीचं बारसं

थंडी सुरू झाली की माझा हात आपोआप पायांकडे जातो. माझ्या नाही, दुसऱ्यांच्या. कुणाच्या घरी तान्हं बाळ निजलेलं असलं, की बोलता बोलता मी दुपट्याखाली हात घालून त्याचे तळवे चाचपते. पोट गरम आणि पाय गार असले म्हणजे बाळाला थंडी लागायला लागली, हे मला सासूबाईंनी शिकवलं होतं. लोकांना वाटतं, शालनला लेकरांची माया फार. असेलही. पण ही सवय मायेची नाही, भीतीची आहे.

यंदा थंडी दिवाळी सरता सरताच आली. सकाळी वरवे गावाच्या रस्त्यावर उभं राहिलं की समोरचं शेत दिसत नाही. कापून नेलेल्या भाताचे खुंट ओलेगच्च असतात, कुणीतरी बांधाला पेंढा पेटवून शेकत बसलेलं असतं, आणि त्यांचा नुसता आवाज ऐकू येतो, माणसं दिसत नाहीत. घरी चुलीवर पावट्याच्या शेंगा उकडत ठेवल्या की त्यांची वाफ घरभर होते. त्या वाफेच्या पाठोपाठ मला दुसरा एक वास येतो, जो घरात कुठंच नसतो. तापलेल्या राळेचा. सोल्डरच्या तारेतून निघणारा, गोडसर, घशाला लागणारा धूर. मग तो एक हिवाळा येऊन माझ्या शेजारी बसतो, आणि त्याच्यासोबत अनघाताई.

हे मी कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. चार माणसांत मला बोलता येत नाही. अर्ध्या वाक्यात कुणी माझ्याकडे बघितलं की पुढचं अर्धं गिळून टाकते. लिहिताना निदान वाक्य पुरं होतं. चौथीपर्यंत शिकले त्याचा तेवढा उपयोग.

वरव्याच्या अलीकडे एक पत्र्याची शेड आहे. तिथं आम्ही बाया बोर्ड भरतो. बोर्ड म्हणजे तळहाताएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर मुंगीनं पाडल्यासारखी भोकं. प्रत्येक भोकाशेजारी पांढऱ्या अक्षरात कुठला भाग बसवायचा ते छापलेलं असतं. भागाचे पाय भोकातून खाली घालायचे, पट्टी उलटी करायची, तार वितळवून जोडावर सोल्डर मारायचं, उरलेले पाय कापायचे. हिवाळ्यात सकाळी बोटं इतकी आखडलेली असतात की बारीक भाग चिमटीत धरवत नाही. तेव्हा आम्ही तापलेल्या सोल्डर गनभोवती हात धरून बसायचो, शेकोटीला बसावं तशा. पत्र्यावरचं दव ठिबकून मानेवर पडायचं. मालक आत आले की हौसा म्हणायची, "शेकत न्हाई वं मालक, गन तापली का बघतुया."

हौसा आंबवड्याची. तिला जीभ देवानं दोघींची दिली असणार, एक तिची आणि एक माझी.

त्या हिवाळ्याआधी आम्ही पाण्याच्या मोटारीचे, दिव्यांचे बोर्ड भरायचो. ते कुठं जातात, कशात बसतात, आम्हाला काही ठाऊक नसायचं. "आपुन भाकरी थापायच्या," हौसा म्हणायची, "कोन खातंय ते इचारायचं न्हाई." आणि एका थंडीत मालकांनी सांगितलं, पुण्याहून एक इंजिनियर बाई येणार आहेत. इथंच राहून मशीन तयार करणार. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळाला ऊब देणारी पेटी.

माझ्या हातातली तार तशीच राहिली. धूर डोळ्यांत गेला म्हणून डोळे पुसले, असं मी शेजारणीला सांगितलं.

अनघाताई आल्या त्या लोकरीची टोपी घालून, नाकाचा शेंडा लाल झालेला. वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. मी त्यांना ताई म्हणायचे, त्या मला मावशी. पहिल्याच दिवशी खुर्ची सोडून आमच्यात खाली बसून त्यांनी भाकरी खाल्ली. नाचणीची होती. हिर्डोशीकडच्या माझ्या जावेनं पीठ पाठवलं होतं. "मावशी, उद्यापण आणाल?" असं त्यांनी विचारलं आणि मी दुसऱ्या दिवसापासून दोन भाकरी जास्त बांधायला लागले. कुणी काही मागितलं की मला बरं वाटतं. द्यायला आपल्याकडे काहीतरी आहे, असं वाटतं.

त्या काम करायच्या ते बघत राहावंसं वाटायचं. मोठ्या टेबलावर खडूनं रेघा मारायच्या, पुसायच्या, परत मारायच्या. वीज कुठून येणार, कुठं थांबणार, कुठून वळणार. मला त्यातलं सगळं कळत नव्हतं, अजूनही कळत नाही. पण रेघा बघून मला भाताची खाचरं आठवायची. वरच्या खाचरातून खालच्यात पाणी सोडायचं तर बांधाला एवढंसं तोंड करायचं, भरलं की मातीचा गोळा लावून बंद करायचं. एकदा मी तसं बोलून गेले. ताई हसल्या, पण चेष्टेनं नाही. "अगदी तसंच आहे मावशी. फक्त इथं गोळा लावायला माणूस उभा नाही. पेटीला स्वतःला कळलं पाहिजे, कधी सोडायचं आणि कधी थांबायचं."

ते कळण्यासाठी एक दाणा होता. उडदाच्या डाळीएवढा, दोन बारीक तारा असलेला. तो बाळाच्या अंगाला चिकटवायचा. अंग गार पडायला लागलं की तो दाणा विजेची वाट जास्त अडवतो, ऊब आली की वाट सोडतो. त्यावरून बोर्डाला कळतं आणि बोर्ड गादीखालच्या तारा तापवतो किंवा थांबवतो. तापवायला लागला की बोर्डावरच्या एका चौकोनी डबीतून आवाज यायचा, टक. थांबला की परत, टक. दिवसभर शेडमध्ये तो आवाज चालायचा. आमच्या बोलण्यात, पत्र्यावरच्या कावळ्यांच्या उड्यांत, मधूनच टक. मला तो आवाज फार आवडायचा. कुणीतरी जागं आहे, असं वाटायचं.

खरं बाळ कुठून आणणार तपासायला? म्हणून ताईंनी जाड रबराची पिशवी आणली होती. तिच्यात कोमट पाणी भरायचं, वर सुती फडकं गुंडाळायचं, दाणा चिकटवायचा आणि पेटीत निजवायचं. पाण्याची ऊब किती टिकते ते बघायचं. पिशवी हातात घेतली की तिचं वजन असं लवलवून मनगटावर यायचं, की पहिल्यांदा मला ती दिली तेव्हा मी नकळत तिच्या डोक्याखाली हात धरला. डोकं नव्हतंच तिला. ताईंनी ते पाहिलं होतं.

एकदा तो दाणा पिशवीवरून सुटला आणि नुसता हवेत लोंबत राहिला. हवा गार, म्हणून पेटीला वाटलं बाळ गार आहे. ती तापवतच राहिली. आमच्या लक्षात आलं तेव्हा पिशवीला हात लावता येत नव्हता. अनघाताईंचा चेहरा पांढराफटक पडला. "आत बाळ असतं तर," एवढंच त्या म्हणाल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. मग पुढं कितीतरी दिवस त्या त्याच्याच मागे होत्या. दुसरा दाणा गादीला लावला, दोघांचं जुळलं नाही तर ऊब बंद पडून घंटा वाजेल अशी सोय केली. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. कारण त्या बाईला लेकरांची काळजी नव्हती, असं मला म्हणता येत नाही. म्हणता आलं असतं तर सगळं किती सोपं झालं असतं.

आणि बोर्डाचा डावा कोपरा. तो बॅटरीचा. लाईट गेली की तो कोपरा कामाला लागायचा आणि बॅटरीवर पेटी उबदार ठेवायचा. त्यासाठी अनघाताईंनी फार खटपट केली. आधी बॅटरी पुरायची नाही, मग बोर्ड तापायचा, मग लाईट जाताना आणि येताना पेटी गोंधळून जायची. मी विचारलं होतं, "ताई, लाईट गेल्यावर बी चालंल का ही?" त्यांनी सोल्डर गन खाली ठेवून माझ्याकडं पाहिलं. "मावशी, त्यासाठीच तर मी इथं येऊन बसलेय. मोठ्या शहरात ऊब देणाऱ्या पेट्या आहेतच. डोंगरातल्या दवाखान्यात लाईट गेली तरी गार पडणार नाही, अशी एक पाहिजे."

तो कोपरा मी दुसऱ्या कुणाला भरू द्यायचे नाही. हौसा चिडवायची, "शालनीनं कोपरा बळकावलाय. उद्या सात-बाऱ्याला नाव लावंल."

ज्या दिवशी पिशवीनं सकाळपासून दिवस कलेपर्यंत एकसारखी ऊब धरली, मधे दोनदा मुद्दाम लाईट घालवूनही धरली, त्या दिवशी शेडमध्ये सण झाला. बाहेर वारा सुटला होता, पत्रा वाजत होता, आणि पेटीत ती पिशवी अंगाला अंग लावून झोपल्यासारखी उबदार. हौसा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "येवढी गुनाची पोर, आन् हिला नाव न्हाई? बारसं करा की हिचं!"

झालं. कुणीतरी डब्यातल्या हरभऱ्याच्या घुगऱ्या काढल्या. साडीचा पदर पेटीच्या दांड्याला बांधून झालर केली. अनघाताई टाळ्या पिटत होत्या. बाया पाळणा म्हणायला लागल्या. मग प्रश्न आला, आत्या कोण? कानात नाव सांगायचं ते आत्यानं. हौसानं माझा दंड धरून पुढं ढकललं. "हिला करा. आमच्यात तोंड उघडत न्हाई, कानात तरी बोलंल!"

सगळ्या हसल्या. मीही हसत हसत वाकले. पिशवीला कान कुठला? पण फडक्याची घडी कानावर येते तशी एका बाजूला आली होती. मी तिच्यापाशी तोंड नेलं, कुर्र केलं, आणि माझ्या तोंडून नाव निघालं. ठरवलं नव्हतं. इतक्या वर्षांत ते मी मोठ्यानं म्हटलेलं नव्हतं, हळूही म्हटलेलं नव्हतं. लगेच रिवाजाप्रमाणे पाठीत धपाटे बसले, हौसाचा सगळ्यात जोरात. "काय ठिवलंस? सांग की!"

"कानात सांगितलंय. तिला इचार," मी म्हणाले.

सगळी शेड खिदळली. शालनला उत्तर देता येतं, याचंच त्यांना नवल. धपाट्यांनी डोळ्यांत पाणी येतं, त्यामुळं माझ्या डोळ्यांकडे कुणी बघितलं नाही. एका माणसानं बघितलं.

संध्याकाळी नाक्यापर्यंत अनघाताई माझ्यासोबत चालत आल्या. धुकं उतरायला लागलं होतं, कुणाच्या तरी मळ्यातून पाणी दिलेल्या गव्हाचा गार वास येत होता. त्या म्हणाल्या, "मावशी, आज तुम्ही कुणाचं नाव घेतलंत?"

आणि मी सांगितलं.

मला पहिली मुलगी झाली ती हिर्डोशीकडं, सासरी, पौषाच्या थंडीत. दिवस भरायच्या आधीच आली, एवढीशी. खालच्या दवाखान्यात लाकडी पेटी होती, तिच्यात बल्ब लावलेला. त्या बल्बाखाली ती दोन दिवस चांगली होती, मूठ वळायची, तोंड हलवायची. मग लाईट गेली. पुढच्या गावाला न्यायला गाडी मिळेपर्यंत मी तिला छातीशी धरून पदरात, गोधडीत गुंडाळून बसले होते. पाय गार होते, मग गुडघे गार झाले. बाराव्या दिवसाच्या आधीच गेली. बारसं नाही, म्हणून तिला नाव नाही. पुढं माझा मुलगा झाला, मोठा झाला, कामाला लागला. तिच्याविषयी घरात कुणी बोललं नाही. बोलायचं तर काय म्हणून बोलणार? 'ती' एवढंच. पण पोटात असतानाच मी तिचं नाव ठरवलेलं होतं. माझं माहेर वेल्ह्याकडं, राजगडाच्या पायथ्याला. तिकडचं, लहानपणापासून कानावर असलेलं नाव. सई. मी ते नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

अनघाताई रडल्या. खरंच रडल्या, त्यांच्या टोपीची लोकर गालापाशी ओली झाली. माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "मावशी, हे माझ्याजवळ राहील."

तो हिवाळा मला अजून उबदार वाटतो, हीच तर रड आहे. सकाळची गार बोटं, नाचणीच्या भाकरीवरचं मिरचीचं लोणचं, टक टक, आणि कुणीतरी आपलं एक ओझं उचलून आपल्यासोबत चालतंय, असं वाटणं. मी घरी जाताना गाणं गुणगुणायला लागले होते. आमच्या ह्यांनी विचारलंसुद्धा, "काय गं, पगार वाढला का काय?"

शिमग्याच्या आसपास ताई पुण्याला परत गेल्या. जाताना म्हणाल्या, बोर्ड पक्का झाला की छापून येईल, तुम्हीच भरायचा.

बोर्ड आला तो पावसाळ्यात. नवा कोरा, चकचकीत. मी हात पुसून घेतला आणि भरायला बसले. सगळे भाग ट्रेमध्ये मांडलेले. भरत भरत डाव्या कोपऱ्याशी आले तर कोपऱ्याचे भाग ट्रेमध्ये नव्हते. मला वाटलं, द्यायचे राहिले. मी मालकांना जाऊन सांगितलं. ते फोनवर बोलत होते. हातानंच नाही म्हणाले आणि फोन बाजूला धरून बोलले, "तो कोपरा मोकळा सोडायचा. तसंच आलंय वरून."

भोकं होती. शेजारी पांढरी अक्षरंही होती, कुठं काय बसणार त्याची. बसणारं कुणी नव्हतं. मी एक बोर्ड भरला, दुसरा भरला, प्रत्येकाचा डावा कोपरा तसाच. पंगतीत पान मांडावं आणि माणूस येऊ नये, तसा. मला वाटलं, ताईंना हे माहीत नसेल. मालकांनी परस्पर केलं असेल. मी आठवडाभर असंच धरून चालले.

मग पेट्यांच्या तोंडावर लावायचे स्टिकर आले. गोल गुंडाळी होती. निळ्या रंगावर पांढरं अक्षर, खाली एक चिमुकलं पाऊल काढलेलं. हौसानं गुंडाळी उलगडून वाचलं. "सई. बरं हाय की नाव, सोपं हाय." आणि ती गुंडाळी माझ्यापुढं सरकवली. "तुझा हात सरळ हाय, तूच चिकटव."

तिला काहीच माहीत नव्हतं. तिच्यावर माझा राग नाही.

मी चिकटवले. सगळे. एक बाजू टेकवून, बोटानं हळूहळू दाबत, खाली हवेचा बुडबुडा न राहू देता. लहान पोरीचे केस चापूनचोपून बसवावेत तसे. दुसरं काय करणार होते? उठून सांगणार होते, हे माझं आहे म्हणून? कुणाला, आणि कुठून सुरुवात करून?

श्रावणात अनघाताई आल्या. गाडीतून, सोबत चार-पाच पाहुणे. त्यांनी मला लांबूनच हात केला. शेडभर फिरवून पाहुण्यांना दाखवत होत्या, बोलणं बरंचसं इंग्रजीत. मी मान खाली घालून सोल्डर मारत होते. पण इंग्रजीतूनही आपलं नाव ऐकू येतं. शालनमावशी, असं आलं. मग सई, असं आलं. मग त्यांनी पदरात काहीतरी धरल्यासारखे हात छातीशी नेले. मी वर बघितलं तर सगळे पाहुणे माझ्याकडं बघत होते. माना एका बाजूला कललेल्या. त्यातल्या एक वयस्क बाई माझ्यापाशी आल्या, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सॉरी हं."

हौसा हातातला बोर्ड खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिली.

पाहुणे चहाला गेले तेव्हा अनघाताई माझ्याजवळ आल्या. "मावशी, खूश ना? सगळीकडं जाणार आहे हे नाव."

मी विचारलं, "ताई, कोपऱ्याचं काय झालं?"

त्यांना क्षणभर कळलंच नाही, कुठला कोपरा. मग म्हणाल्या, "अच्छा, बॅटरी. किंमत फार वाढत होती हो. आणि जे दवाखाने घेणार आहेत त्यांच्याकडे जनरेटर असतो. पुढच्या मॉडेलला नक्की घालू."

"आन् ज्यांच्याकडं नसतो?"

"पुढच्या मॉडेलला, मावशी." त्यांनी माझा हात धरला, त्या संध्याकाळी धरला होता तसाच. "म्हणून तर नाव हेच ठेवायचं, असा हट्ट धरला मी. म्हटलं, तुम्हाला बरं वाटेल."

मी म्हणाले, "बरं."

तो शब्द मला अजून टोचतो. किती वेळा मनात त्या जागी दुसरा शब्द ठेवून बघितला. काही बसत नाही. शरमेनं मी आयुष्यभर 'बरं' म्हणत आले, पण तेवढ्या एका वेळी म्हणायला नको होतं.

अनघाताई वाईट नाहीत. हेच मला सोसत नाही. वाईट असत्या तर मी त्यांच्या नावानं बोटं मोडली असती आणि मोकळी झाले असते. त्या रडल्या होत्या ते खरं होतं. पण रडून झाल्यावर ते त्यांचं झालं. मी एक गोष्ट सांभाळायला दिली होती, त्यांना वाटलं वापरायला दिली. आणि जे वचन दिलं होतं ते काढून घेतलं, त्याच्या बदल्यात माझंच नाव मला परत दिलं, निळ्या रंगात छापून. त्या रबरी पिशवीला मी तेच नाव सांगितलं होतं. तिला कान नव्हता, तोंडही नव्हतं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही.

शेड मी सोडली नाही. सोडून कुठं जाणार? नाचणीच्या दोन जास्तीच्या भाकऱ्या ताई गेल्यावरही सवयीनं बांधत होते, त्या मात्र बंद केल्या.

यंदाच्या थंडीत, मघाशी लिहिलं त्या धुक्याच्या दिवसांत, माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली. संतोष माझ्यापेक्षा खूप लहान, मीच त्याला कडेवर वागवलेला. त्याची बायको कोमल. पोर दिवसांच्या जरा आधीच आली म्हणून दवाखान्यात ठेवली होती. छोटाच दवाखाना, वर डॉक्टरांचं घर, खाली खाटा. मी आत गेले आणि भिंतीपाशी ती पेटी दिसली. निळं स्टिकर. बुडबुडा नव्हता. मीच लावलेलं असेल किंवा नसेल.

आत बाळ झोपलं होतं, मूठ गालाशी. कोमल खाटेवरून म्हणाली, "वन्सं, बघा की तुमची भाची. किती ग्वाड निजलीया." मी काचेवर हात ठेवून उभी राहिले. टक ऐकू येतं का बघत होते. येत होतं. अगदी बारीक.

दुपारी जेवणं चालू असताना लाईट गेली. जनरेटर होता, पण तो काही सुरू होईना. बाहेर कुणीतरी दोरी ओढत होतं, तो नुसता खोकत होता. आणि नर्सबाई दारातून ओरडत आल्या, "अगं, सई बंद पडली! बाळ बाहेर घ्या!"

माझ्या हातातलं ताट कुठं ठेवलं मला आठवत नाही. मी झाकण उघडलं, बाळ उचललं, कोमलच्या पोलक्याची बटणं सोडली आणि अंगाला अंग लावून पोर तिच्या छातीवर पालथी घातली. वरून पदर, वरून गोधडी. नर्सबाई म्हणाल्या, "बरोबर, बरोबर, तशीच धरा." कोमल घाबरून माझ्याकडं बघत होती. मी गोधडीखाली हात घालून पोरीचे पाय धरून बसले. गार होते. धरूनच बसले. बाहेरचं यंत्र खोकत राहिलं, आणि मग कधीतरी ते पाय माझ्या तळव्यात कोमट झाले, मग चांगले गरम. बोर्डाचा डावा कोपरा पेटीच्या पत्र्याच्या आत होता, मला दिसत नव्हता. पण ती मोकळी भोकं माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

लाईट आली. पोरीला काही झालं नाही. कोमल हसली आणि पेटीकडं बघून म्हणाली, "नाव किती छान हाय न्हवं, वन्सं? सई."

बारशाला आम्ही सगळे वेल्ह्याकडं, माहेरी जमलो. अंगणात ऊन आलं होतं, पण दगड अजून गार होते. गडाच्या अंगाला धुकं चिकटलेलं. घुगऱ्यांचं पातेलं उतरलं, आत पाळण्याला झेंडूच्या माळा. आमचे हे आणि माझा मुलगा ओसरीवर संतोषशी बोलत बसले होते. बाळ पाळण्यावरून-पाळण्याखालून या हातातून त्या हातात फिरलं आणि पाळण्यात निजलं. आई म्हणाली, "शालन, ये. आत्या हायेस न्हवं तू? कानात सांग."

कोमल माझ्या जवळ वाकून म्हणाली, "वन्सं, नाव ठरलंय बरं का. सईच. त्या पेटीनं हिला ऊब दिली की."

मी वाकले. बाळाच्या कानावर बारीक लव होती. दुधाचा वास येत होता. कुर्र केलं. मागं बाया हात उगारून उभ्या होत्या, धपाटे घालायला. नाव जिभेवर होतं. त्या पिशवीच्या वेळी ते आपोआप सुटलं होतं. आता सुटेना.

मी सरळ उभी राहिले. म्हणाले, "हे नाव नको."

"का वं?" कोमलचा चेहरा उतरला. "काय वंगाळ हाय का?"

"न्हाई. ठिवल्यालं हाय ते."

"कुनाचं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. माझं पुढचं अर्धं वाक्य घशाशी आलं, नेहमीसारखं गिळायला.

"माज्या लेकीचं."

कोमलला काही ठाऊक नव्हतं, ती माझ्या मुलाकडं बघायला लागली. आईनं हातातली वाटी खाली ठेवली. ती हळूच म्हणाली, "तिचं बारसं झालंच न्हाई गं, शालन."

"व्हय. म्हणून आता सांगते. तिचं नाव सई हाय."

ओसरीवरून आमचे हे उठून दारापर्यंत आले आणि चौकटीला हात लावून उभे राहिले. त्यांनी ते नाव पहिल्यांदा ऐकलं.

कोमलनं पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाली, "आमी दुसरं बी काढलं व्हतं. ईश्वरी." मी परत वाकले. पोरीच्या कानात ते नाव सांगितलं, नीट, पुरं. धपाटे घालायला उगारलेले हात तसेच राहिले, कुणी मारलं नाही. आईचा एक हात मात्र माझ्या पाठीवर आला आणि मी उभी राहीपर्यंत तिथंच होता.

घरी परत येताना हे गाडीत खिडकीशी बसले. नसरापूर आल्यावर काचेतून बाहेर बघत एकदाच म्हणाले, "सई." कसं वाटतं ते म्हणून बघितल्यासारखं.

हे अनघाताईंना कळायला नको. त्यांना वाईट वाटेल म्हणून नाही. कळलं तर त्या हेही कुठंतरी सांगतील, आणि चांगल्या मनानंच सांगतील.